राखाडी आभाळ

त्याने तळहाताने डावा डोळा झाकला आणि पडद्यावरचं आभाळ पिवळं झालं. हात उजव्या डोळ्यावर नेला, आभाळ राखाडी. पुन्हा डाव्यावर. पुन्हा पिवळं, जुन्या वर्तमानपत्रासारखं.

रविवारची दुपार होती. गच्चीवर अकरा रात्री दुर्बीण लावून त्याने एका तेजोमेघाचा उजेड गोळा केला होता आणि आता संगणकावर त्याचे रंग जागेवर बसवत होता. यातला पहिला नियम नवशिकाही सांगेल: ताऱ्यांमधल्या रिकाम्या आभाळात लाल, हिरवा, निळा हे तिन्ही सारखे हवेत, म्हणजे ते राखाडी दिसतं. तासभर प्रोग्रॅमशी भांडण चाललं होतं. निळा चढवला की आभाळ त्याला पटायचं आणि तिन्ही रंगांचे आकडे बोंबलायचे. आकडे जुळवले की आभाळ पिवळं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या बापजाद्यांचा उद्धार करून झाला. मग सहज डोळा चोळायला हात वर गेला आणि प्रोग्रॅम निर्दोष सुटला.

त्या आजाराचं नाव त्याने मनातसुद्धा पुरतं घेतलं नाही, 'मोती'पाशीच थांबला. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी सगळे म्हणाले होते, अर्ध्या तासाचं काम. खरंच अर्ध्या तासात डोळा गेला. आणि याची रोजीरोटी तर रंगांवरच होती. मेहुण्याच्या फोटो लॅबमध्ये तो पडद्यावर लोकांचे चेहरे दुरुस्त करायचा, आणि शेजारच्या खोलीत बायको ते मशीनवर छापायची.

"भर दुपारी डोळा कुणाला मारताय?" बायको धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन आत आली.

"आभाळाला."

"मारा. आमच्या वाट्याला कधी आला नाही, त्याला तरी येऊ दे."

तो रिवाजाप्रमाणे हसला, पण हात डोळ्यावरून निघेना.

"इकडे बघ जरा. हे आभाळ कसं दिसतं?"

"राखाडी."

"आणि हे?" त्याने स्वतःला पटलेली प्रत उघडली.

"निळं. शाईची दौत लवंडल्यासारखं."

ती खाली वाकलीही नाही, की थांबलीही नाही. कुणी पत्ता विचारावा आणि रोजच्या वाटेवरच्याने सांगावा, तसं तिने सांगितलं. त्याने सावकाश हात खाली घेतला.

"तुझ्या भावाला कळलं तर?"

"दादाला? फोटो उलटा धरला तरी छान म्हणतो तो."

"पण गिऱ्हाइकांना डोळे आहेत ना. लॅबमध्येही मी असाच निळा चढवत असणार. मग एकही तक्रार कशी नाही? एवढे निळे चेहरे घेऊन माणसं गुपचूप घरी गेली?"

बायको खुर्चीवर बसली. ढिगातला एक टॉवेल तिने घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला.

"छपाईच्या मशीनवर पिवळ्याचं बटण असतं ना," ती म्हणाली.

"असतं. मग?"

"मग निळा उतरवायला ते मी दाबते. तुमच्याकडून आलेल्या प्रत्येक फोटोला."

पडद्यावरचे तारे स्वस्थ होते. त्याने उगाच माउस उचलून त्याच्या खालची धूळ पुसली.

"कधीपासून?"

"वर्ष होईल आता."

"आणि मला बोलली नाहीस."

"डॉक्टरचं नाव काढलं तरी तुमच्या अंगाला घाम फुटतो. म्हटलं, बटणावर भागतंय तोवर भागू दे."

त्याने मान हलवली.

"किती वेळा दाबतेस?"

"आधी दोनदा पुरायचं."

"आता?"

तिने टॉवेल मांडीवर ठेवला. एका हाताची पाच बोटं उघडली, त्यांच्याकडे बघितलं, आणि दुसरा हातही वर आणला.