रुळाचं मशीन पोटावर

दूध संस्थेच्या ओट्यापुढं सकाळपासून बायांची रांग लागली होती. त्या दुष्काळी साली दूध कुठलं? जनावरं छावणीला गेलेली, कॅन उपडे पडलेले. रिकाम्या ओट्यावर चेअरमन अर्जुनरावांनी नादमहाराजांना बसवलं होतं. महाराजांपुढं पाटावर पिवळी पेटी, तिला काचेचा पडदा, पडद्यावर हिरवी रेघ. पेटीच्या वायरीला एक डबी होती. महाराज ती बाईच्या पोटावर, साडीवरूनच ठेवायचे. रेघ थरथरायची आणि तिच्यातून टोकं उभी राहायची.

"नाद तिथं निदान!" महाराज गर्जायचे. "माय, तुझ्या पिशवीला चीर गेलीय. आज केसाएवढी, उद्या बोटाएवढी. उसाच्या फडात फुटंल!"

बाया हात जोडायच्या. महाराज अंगारा द्यायचे आणि गर्भाची पिशवी काढायला कोणत्या डॉक्टरकडं जायचं, ती चिठ्ठीही. अंगारा आणि डॉक्टरची चिठ्ठी एकाच हातानं देणारा महाराज मी पहिल्यांदाच पाहिला.

रांगेत आमच्या शेजारची शिवकन्या होती. वय बावीस, एकच लेक, छकुली. सासू वच्छलाबाईनं तिचा दंड धरून ठेवला होता. वच्छलाबाईची पिशवी मागच्या वर्षी महाराजांच्या सांगण्यावरूनच काढलेली. आता सुनेचा नंबर. चिठ्ठीवाल्या बायांना न्यायला दुसऱ्या दिवशी सकाळी जीप येणार होती.

"गंगाबाई, तुमी बी दाखवा," वच्छलाबाई मला म्हणाली. "लई खरं सांगतंय."

मी पेटीकडं बघत होते. ती माझ्या ओळखीची होती. मालक वारल्यावर त्यांच्या जागी मी रेल्वेत लागले. परळीच्या लाईनवर रूळ सांभाळणाऱ्या गँगमध्ये मला सात वर्षं झाली. रूळ वरून चकचकीत दिसला तरी आतून चिरलेला असू शकतो. ते शोधायला साहेब लोक अशीच पेटी घेऊन रुळावरून चालतात. डबीतून आवाज निघतो, आपल्या कानाला न येणारा. तो पोलादात उतरतो आणि तळाला आपटून परत येतो. मधे चीर असली तर तिथूनच माघारी फिरतो, आणि पडद्यावर वेळेआधी टोक उभं राहतं. मग तिथं रंगाची खूण करायची, रूळ बदलायचा. जादू कसली? विहिरीत हाक मारली की ती परत येते, तसंच हे.

पण डबी आणि रूळ यांच्यामध्ये पाणी लागतं. केसाएवढी हवा राहिली तरी आवाज आत उतरत नाही. पाण्याचा कॅन घेऊन मागं चालायचं काम माझं. दुष्काळात बांधावरच्या बाया मला शिव्या घालायच्या, "माणसाला घोटभर न्हाई अन् ही भवानी लोखंडाला आंघोळ घालती!"

आणि इथं महाराज कोरड्या साडीवरून पोटातलं सांगत होते.

शिवकन्या पुढं झाली तशी मीही ओट्यावर चढले.

"महाराज, पाणी कुठंय?"

"तहान लागली का, माय?"

"मला न्हाई, तुमच्या डबीला. पाण्याबिगर ती बहिरी असती."

"हे दैवी यंत्र हाय. रेल्वेचं न्हवं!"

"रेल्वेचं नाव म्या कुठं काढलं?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. शिवकन्या हळूच म्हणाली, "मावशी, छकुलीच्या येळंला सरकारी दवाखान्यात पोटाला गार गार चिकट लावलं हुतं. सिस्टर म्हणली, ह्याच्याबिगर दिसत न्हाई."

"गप बस," सासू म्हणाली. पण तिनं दंड सोडला.

"महाराज, उजवा हात पेटीवरचा काढा, अन् मग सांगा हिची चीर."

महाराजांचा अंगठा पेटीच्या कडेच्या बटणावर होता. तो काही निघेना. अर्जुनराव उठले. "गंगाबाई, कावून तमाशा लावलाय?"

"तुमचंच पोट द्या की जरा," म्हणत मी पेटी ओढली आणि डबी त्यांच्या सदऱ्यावर टेकवली. रेघ सपाट. बटण फिरवलं. टोकंच टोकं!

"अगं बया!" मागून एक म्हातारी ओरडली. "चेअरमनची पिशवी फाटली!"

सगळी रांग खदखदून हसली. मी डबी हवेत धरली. टोकं तशीच. ते बटण पेटीचा कान मोठा करतं. फार मोठा केला की तिला स्वतःचीच खरखर ऐकू येते. आमचे साहेब त्या टोकांना गवत म्हणतात. तालुक्यात त्या साली हिरवं गवत तेवढंच.

"चीर न्हवं बायांनो, ही अंगठ्याची करामत हाय," मी म्हणाले.

महाराज वायर गुंडाळू लागले. अर्जुनराव सदरा ओढत दुसरीकडं बघत होते. त्यांची स्वतःची ऊसतोडीची टोळी होती. पिशवी काढलेल्या बाईचा पाळीपायी महिन्याला कामावर खाडा होत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

हशा चालू असतानाच वच्छलाबाई म्हणाली, "मंग माझ्यात बी चीर न्हवती?"

हसणाऱ्या बाया तिच्याकडं वळल्या.

"कंबर दुखायची म्हणून आलते म्या."

फडात दिवसभर वाकून कोयता चालवणाऱ्या कुठल्या बाईची कंबर दुखत नाही? मी विचारलं, "डॉक्टरनं आधी तपासलं का? तपासणीचा कागद दिला का?"

"चिठ्ठी वाचली अन् टेबलावर घेतलं."

ती पोटावर हात ठेवून उभी राहिली. चांगला रूळ चुकून काढला तर दुसरा घालता येतो.

सकाळी जीप आली. दारात वच्छलाबाईच गेली.

"पोरगी येत न्हाई."

"महाराजांचा शब्द हाय," ड्रायव्हर म्हणाला.

"मंग महाराजालाच घिऊन जा."

शिवकन्येला मी सरकारी दवाखान्यात नेलं. अंगात रक्त कमी, एवढंच निघालं.

देव मानायचा की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण तुमच्या अंगातलं काही काढायला जो सांगतो, त्याला आधी 'कशावरून?' विचारा. कागद मागा. दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. पटेपर्यंत जीपमध्ये पाय ठेवू नका. आणि ज्यांना यातलं थोडंफार कळतं, त्यांनी घरात बसून हसू नका. मागच्या वर्षी या पेटीची कीर्ती माझ्याही कानावर आली होती. थोतांड असणार म्हणून मी बघायलासुद्धा गेले नाही. वच्छलाबाई तेव्हाही माझ्या शेजारीच राहत होती.