पहिलं नाव आकारामचं

मोजणी मी केली. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागनं कुणी कुजबुजायला नको.

चौऱ्याहत्तर साल. सांगलीच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राची एक कायम जागा निघाली, उमेदवार दोघं. एक मी, दुसरा नाथाजी. सात वर्षं हंगामी, दर जूनला नेमणुकीच्या नव्या पत्राची वाट बघणारा. ही जागा हुकली की त्याची नोकरीच संपली. आमच्या प्राचार्यांनी कुठंतरी वाचलं होतं की परदेशात शास्त्रज्ञाची लायकी मोजून ठरवतात: त्याच्या लेखाचा दाखला इतर किती जणांनी आपल्या लेखात दिला. अशा दाखल्यांचे जाडजूड सूचीग्रंथ पुण्याच्या एका लायब्ररीत होते. नाथाजी म्हणाला, "तूच जा की नानासो. तुझ्यावर माझा विश्वास हाय." भोळा सांब!

माझे दाखले तीन निघाले. त्यातले दोन मीच दिलेले. नाथाजी शून्य. मी चक्रावलो, कारण त्याचा नागांवरचा लेख अमेरिकेत छापलेला मला ठाऊक होता. मग ट्यूब पेटली. सूचीत लेख फक्त पहिल्या नावाखाली लागतो, आणि या शहाण्यानं पहिलं नाव घातलं होतं आकारामचं. आकाराम म्हणजे शिराळ्याचा नाग धरणारा, सहीऐवजी अंगठा उठवणारा. त्याच्या गल्लीत रिवाज असा की नाग ज्यानं हुडकला त्याचं नाव देवळात आधी पुकारायचं, बाकीच्यांची मागनं. नाथाजीनं तो रिवाज थेट अमेरिकेला धाडला! आकारामच्या नावावर एकेचाळीस दाखले. म्हणजे आमच्या खात्यात एक नंबरचा शास्त्रज्ञ कोण, तर आकाराम.

मी कागदावर लिहिलं: नानासो तीन, नाथाजी शून्य. यात खोटं काय, सांगा.

आकडे फळ्यावर लागले तसा नाथाजी शिराळ्याला पळाला आणि निवडीच्या बैठकीला आकारामला घेऊनच आला. आकाराम टोपी हातात धरून दाराशी उभा राहिला. नाथाजीनं सगळा घोळ सांगितला. प्राचार्य वैतागले. तेव्हा तोडगा मीच काढला.

"नाथाजीनं लिहून द्यावं," मी म्हटलं, "की आकाराम नुसता मजूर, संशोधनात त्याचा हात नाही. मग एकेचाळीस नाथाजीचे धरा."

नाथाजीचा चेहरा पडला. "असं कसं लिहू? वारुळं यानं दाखवली. सोडलेला नाग परत त्याच वारुळात येतो, हे आधी यानं ओळखलं. मी फक्त लिहून काढलं."

"आवं सर, लिवा की," आकाराम दारातनंच म्हणाला. "माजं नाव कापलं तर माजं काय जातंय? तुमचं पोट हाय त्याच्यावर."

नाथाजीनं लिहिलं. प्राचार्य म्हणाले, मोठ्यानं वाचा. त्यानं वाचलं: आकाराम अडाणी मजूर आहे, संशोधनाशी त्याचा काही संबंध नाही. आकाराम प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. मला हसू आवरेना.

वाचून झालं आणि मी उठलो. "साहेब, म्हणजे यांनी छापील लेखात खोटं नाव घातलं. यांनी स्वतःच लिहून दिलंय. असल्या माणसाला कायम करायचं?"

गड्यानं स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता. जागा मला मिळाली, पुढं पंचवीस वर्षं मी ती उपभोगली, आणि लाज म्हणाल तर तेव्हाही वाटली नाही.

बाहेर व्हरांड्यात आकारामनं नाथाजीचा दंड धरला. नाथाजीनं हात झिडकारला.

"तुझ्या नावानं माझा घात केला!"

"चुकलं आमचं, सर," आकाराम म्हणाला. मग हळूच म्हणाला, "पर नाग म्या हुडकला हुता, त्ये तर खरं हाय न्हवं?"

मी खांबाला टेकून ऐकत होतो. नाथाजीनं आधी माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"न्हाई," तो म्हणाला.

आकारामनं टोपी घातली आणि एकटाच शिराळ्याच्या गाडीला गेला.