दहा वर्षांचा फळा

रविवारची उपासना आटोपली आणि मंडळीचे चार कारभारी मागच्या खोलीत, मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. समोर खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीवर बिशपसाहेबांच्या हाताखालचे आर्चडीकनसाहेब. बिशपसाहेबांनी त्यांना एकाच कामासाठी पाठवलं होतं. या चर्चची पुढच्या दहा वर्षांची योजना ऐकायची. पटली तर उत्तम. नाहीतर मंडळी पुलापलीकडच्या मोठ्या चर्चमध्ये सामील करायची आणि इथल्या दाराला कुलूप लावायचं.

चौघांतली एक नवी होती. तिचे वडील इथले वॉर्डन, म्हणजे चर्चची सगळी व्यवस्था पाहणारे. ते जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. "त्यांची जागा रिकामी दिसायला नको, नुसती येऊन बस," अशी पोस्टातल्या काकांनी गळ घातली म्हणून ती आली होती. बसायचं, आभार मानायचे, सुटायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

योजना फळ्यावर होती. एकेका वर्षापुढे काम आणि कामापुढे माणूस. साहेब बोट फिरवत वाचत होते. "दुसरं वर्ष, वायरिंग, वायरमन. बरं. तिसरं वर्ष, छप्पर, सर. पाचवं, घंटेचा लाकडी सांगाडा, सर. पाळक नसेल त्या रविवारची उपासना, सर." ते थांबले. "हे सर कोण?"

वायरमनने चप्पल चाचपली.

"माझे वडील," ती म्हणाली.

"हे कधी लिहिलंत?"

"गेल्याच महिन्यात," शिंपीणबाई म्हणाल्या. "लिहिता लिहिता सवयीने हात गेला, साहेब. आमच्यात आधी फळ्यावर लिहितात. ज्याला पटत नाही तो येताजाता पुसतो. महिनाभर टिकलं की ठरलं."

"आणि हे कोणीच पुसलं नाही?"

"तुम्हीच पुसून बघा की," वायरमन पुटपुटला.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी आवाज खाली आणला. "ताई, राग मानू नका. पण मी हेच सांगतोय. ही योजना गेलेल्या माणसाच्या खांद्यावर उभी आहे. थकलेल्यांनी थांबण्यात कमीपणा नाही."

दोन महिने लोक तिच्याशी याच आवाजात बोलत होते. घरी, ग्रंथालयात, दुकानात. तिने मान डोलावून सगळं ऐकून घेतलं होतं. आज मात्र तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती उठली आणि तिने डस्टर उचललं.

"राहू दे गं पोरी," काका घाईने म्हणाले. "मागाहून बघू."

तिने छपरापुढचं 'सर' पुसलं. नीट, कोपऱ्यापर्यंत पुसलं. "छपराचं कोण बघणार?"

"मी," वायरमन म्हणाला. "वर मीच चढायचो. सर खालून ओरडायचे."

तिने खालचं 'सर' पुसलं. "सांगाडा?"

"माझा जावई सुतार आहे," शिंपीणबाई म्हणाल्या. "मुलीला सांगते, म्हणजे त्याला नाही म्हणता येणार नाही."

"आणि फळ्यावर ही मुलांची रविवारची शाळा लिहिलीय, ती कोणासाठी?" साहेबांनी विचारलं. "मूल तर एकही दिसलं नाही."

"येतील. तोवर आम्ही आहोतच की बाकांवर," काका म्हणाले. "फक्त उठताना कोणीतरी हात द्या."

साहेबांनाही हसू आलं. मग ते गंभीर झाले. "पण कायमचा पाळक मी देऊ शकत नाही. मोकळं कोणी उरलेलंच नाही. वेदीपाशी उभं कोण राहणार?"

आता शेवटचं 'सर' उरलं होतं. ती त्याच्यासमोर जरा जास्त वेळ उभी राहिली. बाबा वेदीपाशी वाचायचे तेव्हा पूर्णविरामाला चष्मा वर सरकवायचे. तिने ते पुसलं.

"प्रभुभोजनाच्या विधीला पाळकच लागतो, तर पुलापलीकडचा महिन्यातून एकदा येऊ दे. बाकीच्या रविवारी उपासना मी चालवीन. त्याला पाळक लागत नाही, बिशपसाहेबांची परवानगी लागते. अर्ज उद्या देते."

"आणि त्यांनी नाही दिली तर?"

"तर दार उघडून प्रार्थना म्हणायला कोणाची परवानगी लागते, ते त्यांनी आम्हाला इथे येऊन सांगावं."

पोस्टातल्या काकांनी चमकून तिच्याकडे पाहिलं आणि मग ते छताकडे पाहत बसले.

साहेबांनी टोपी उचलली. "जसं पाहिलं तसंच मी कळवेन. बिशपसाहेबांचं मन मी ओळखतो, ताई. ते कुलूपच म्हणतील."

"म्हणू देत," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी नऊला सुरू करतोय. तुम्हीही या. पुढच्या रांगेत जागाच जागा आहे."

ते गेल्यावर तिने शिंपीणबाईंना विचारलं, "बायबलातला पहिला धडा कोण वाचणार?" आणि तिघेही एकदम एकमेकांकडे बोट दाखवू लागले.