सुसाट्याची बारी

मला बैलगाड्यांचा नाद आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढं जे झालं त्याचं नवल वाटायचं नाही. आमच्याकडं यात्रेत घाट भरतो, म्हणजे चढावर बैलगाड्यांची शर्यत. गाड्याला बैल, त्यांच्यापुढं पळायला घोडी, आणि कोण किती सेकंदांत घाट चढतो एवढंच बघायचं. एका गाड्याचं एक पळणं म्हणजे एक बारी. त्या घाटात घड्याळ धरायचा मान माझा. त्यामुळं जगातली कुठलीही गोष्ट घड्याळ लावून जोखता येते असं माझं ठाम मत झालेलं. अक्कल सोडली तर माझ्याकडं सगळं होतं राव.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांची देखभाल करणारा हौशीराम माझा दोस्त. तिथं आलेल्या एका परदेशी पाहुण्यानं जाताना त्याला एक खेळ दिला, जाडजूड पुस्तक आणि नाना कोपऱ्यांचे फासे. दर रविवारी दुपारी आम्ही हौशीरामाच्या पडवीत बसायचो. तो गोष्ट सांगायचा, राक्षसबिक्षस त्याच्याकडं. आपण त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं, आणि आपला वार लागला का हुकला ते फासे ठरवणार. मी लढवय्या, नाव सर्जेराव. हा सर्जेराव दोन वर्षं सगळ्यांच्या पुढं जायचा आणि सगळ्यांच्या आधी आडवा व्हायचा. मग तानूबाई त्याला आपल्या घोड्यावर घालून पुढच्या मुक्कामाला न्यायची.

तानूबाई म्हणजे पडवीत आमच्याबरोबर बसणाऱ्या हिराची खेळातली म्हातारी. हिराच्या घरी अजून मेंढरं आहेत. खरी तानूबाई तिची आत्या, तिनंच हिराला वाढवलेलं. खेळ सुरू झाला त्याच्या आदल्या साली मेंढरं घेऊन कोकणात उतरली, तिकडंच तापानं गेली. मग हिरानं खेळात म्हातारी घेतली, तिला आत्याचं नाव दिलं, आत्याची काठी दिली, बोलायचीसुद्धा आत्यासारखीच. हौशीरामानंही काही न विचारता गोष्ट तिकडं वळवली. तानूबाई कळप घेऊन कोकणातून माघारी निघालेली.

आता वाटेत एकच ठिकाण उरलं होतं, नाणेघाट. खिंडीच्या तोंडाशी राक्षस बसलेला. तो ओलांडला की वर घाटघर, आणि हौशीरामाच्या गोष्टीत तिथंच तानूबाईचं घर. हिरा नर्सिंगला पुण्याला चालली होती, म्हणून येता रविवार शेवटचा. खेळाचा नियम असा की मेलेलं माणूस परत येत नाही.

"भरतभाऊ, आत्या घरी पोचली पायजे," हिरा म्हणाली. "बाकी मला काय नको."

"ते माझ्यावर सोड," मी म्हणालो. ज्याला दोन वर्षं म्हातारीनं घोड्यावरून वाहिलं, तो बोलतोय हे.

त्याच आठवड्यात पाहुण्याचं टपाल आलं. लढवय्याचे तीन नवे प्रकार, त्यातला एक सर्जेरावानं घ्यायचा. हौशीरामानं मराठीत समजावून त्यांना आपली नावंही ठेवली. सुसाट्या पहिल्याच झटक्यात तीन वार करतो, पण मग विसावा घेईपर्यंत त्याला नुसते साधे वार उरतात. हाक्या स्वतः कमी मारतो, हाक देऊन सोबत्यांना जादा वार मिळवून देतो. आणि तिसरा आडव्या, तो सोबत्यावर आलेला घाव आपल्या अंगावर घेतो.

"घाईनं ठरवू नकं," हौशीराम म्हणाला. घाईनं कशाला ठरवू? मी रीतसर घाट भरवला. पडवीत कांद्याचं पोतं उभं केलं, त्याला राक्षस म्हटलं, त्याच्या जिवाचा आकडा ठरवला आणि खिशातून शर्यतीचं घड्याळ काढलं. पेला तोंडाशी धरून पुकारासुद्धा केला, "सर्जेरावांचा गाडा, बारी पहिली." सुसाट्यानं पोतं बघताबघता लोळवलं. हाक्यानं हाका मारल्या, पण पोत्यापुढं तो एकटाच, सोबती आणायचे कुठून? त्याला वेळ लागला. आडव्या तर नुसता उभाच राहिला, कारण पोतं कुणावर घाव घालीना.

"भरत्या, तू फासे किती भराभर टाकतुस त्येच मोजतुयास," हौशीराम म्हणाला.

हिरा हळूच म्हणाली, "पोतं मारत न्हाई भाऊ. राक्षस मारंल."

एवढं सरळ बोलणं, पण माझ्या डोक्यात शिरेल तर शपथ. उलट मलाच राग आला. वीस घाटांत घड्याळ धरलेल्या माणसाला ही दोघं शिकवणार. मी सुसाट्या घेतला आणि निकाल पेल्यातून जाहीर केला.

रविवार उजाडला. खिंडीत राक्षस उठला आणि सर्जेराव सुटला. एक वार, दोन वार, तीन वार, तिन्ही लागले. मी मांडीवर थाप मारून हौशीरामाकडं बघितलं. राक्षस निम्मा खाली आलेला, पण निम्मा उभाच होता, आणि माझ्याकडं काही म्हणजे काही उरलं नव्हतं. पुढचे माझे दोन्ही साधे वार हुकले. राक्षस तानूबाईकडं वळला. एका ठोशात म्हातारी जमिनीला टेकली. अजून एक बसला असता तर संपली असती.

हिराचा हात फाशांवर तसाच राहिला.

आडव्या घेतला असता तर तो घाव माझ्या अंगावर आला असता. हे मला तेव्हा कळलं. खोटं कशाला बोलू, मला म्हातारीची काळजी होती तशी सर्जेरावाचीही होती. म्हातारी गेली की पुढचा नंबर माझाच होता.

"काय करतुस?" हौशीरामानं विचारलं.

"पळतो," मी म्हणालो. "खाली, कोकणाच्या बाजूला."

हिरानं मान वर केली. हौशीरामानं फासा उचलला, परत ठेवला.

"बैलापुढून घोडी पळाली की बैल काय करतो रं?"

उभ्या तालुक्याला मी हे शिकवायचो, मलाच विचारलं त्यानं. "मागं लागतो," मी म्हणालो.

"मंग राक्षस तुज्या मागं लागला."

तिथून पुढं मी पळत होतो आणि हौशीराम सांगत होता. पायऱ्या, दगड, वळणं, मागं राक्षस. दर खेपेला फासा टाकायचा, सापडलो का नाही ते बघायचं. तिकडं हिरानं म्हातारीला काठीवर उठवलं, मेंढरं पुढं घातली आणि खिंडीतून वर चढवायला घेतली. घड्याळ खिशातच राहिलं. शेवटच्या वळणावर माझा फासा उलटा पडला आणि राक्षसानं सर्जेरावाला गाठलं. घोड्यावर घालून न्यायला या खेपेला कुणी नव्हतं, सर्जेराव तिथंच संपला.

"म्हातारी?" मी विचारलं.

"घाटघरला पोचली," हौशीराम म्हणाला. "दार दिसतंय."

मग हिरा आत्याच्या आवाजात, खाली कोकणाकडं तोंड करून हाक दिल्यागत म्हणाली, "थांब रं लेकरा आता. आले मी घरी."

मी भेदरून पळालो होतो, हे तिलाही ठाऊक होतं. मला हसून टाकायचं होतं, पण हसू आलं नाही. उठलो, पोत्याजवळ गेलो आणि उगाच कांदे निवडत बसलो.