बोळवणीची धून

मी सांगितलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण आता जो तो येऊन मलाच म्हणतो, "सुनंदा, तू तरी अडवायचं होतं त्याला." अगं बाई, अडवलं होतं! दवाखान्यात, डॉक्टरीणबाईंच्या समोर, चिमटा काढून अडवलं होतं. पण आमच्या ह्यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आमचे हे म्हणजे कुंदन, पिंपळनेरच्या रुपचंद बँडचे मालक आणि क्लॅरनेटवाले. बँड माझ्या सासऱ्यांनी, रुपचंद आबांनी उभा केला. आबा सनई वाजवायचे. ह्यांनी सनई सोडून क्लॅरनेट धरली. साक्री पट्ट्यातले लोक लग्नाची तारीख काढायच्या आधी ह्यांना विचारायचे, कुंदनभाऊ मोकळे आहेत का म्हणून. बढाई मारत नाही मी. हे गायला लागले तर शेजारचं कुत्रं भुंकतं. बोलायला लागले तर मीच भुंकते. पण क्लॅरनेट तोंडाला लावली की नवरदेवाची आजीसुद्धा ओट्यावरून उतरून नाचायची, एवढं खरं.

आबांची एक धून होती. त्यांनी ती आपल्या लेकीसाठी, म्हणजे माझ्या नणंदेसाठी, झुंबरबाईंसाठी बसवली आणि त्यांच्या बोळवणीला सनईवर वाजवली, हे पाळण्यात असताना. एकदाच. आम्ही बँडवाले लग्नाचं काम धरलं की 'सुपारी घेतली' म्हणतो. तर ही धून सुपारीवर वाजवायची नाही, कोणी सोन्यानं मढवलं तरी नाही. बापानं आपल्या लेकीसाठी वाजवायची, लेक उंबऱ्याबाहेर पडताना. आणि लेक घरात आहे तोवर ती फुंकायचीसुद्धा नाही, नाहीतर लेक वेळेआधी घर सोडते म्हणतात. वेळेआधी म्हणजे काय ते मी बोलणार नाही. आईच्या तोंडात ते नको.

मग सराव कसा करायचा? मुका. फुंकर न मारता नुसत्या चाव्या दाबायच्या. आबांनी ह्यांना ती तशीच, बोटांवर शिकवली होती. पुनम, आमची एकुलती एक, लहान असताना दुपारी ह्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची आणि वर हे बोटं चालवायचे. खट, खट, खटाखट, खट. दुसऱ्यांच्या पोरी अंगाईवर झोपतात, आमची त्या खटखटीवर झोपायची. मधलं एखादं बोट चुकलं तर झोपेत कूस बदलायची, खोटं नाही सांगत. मोठी झाली तशी विचारायला लागली, "बाबा, ही खरी वाजली की कशी वाटते?"

हे हसायचे. "सासरी जवय जाशी, तवय ऐकशी."

मागच्या लगीनसराईत एका वरातीत नवरदेवाचा कुणी मित्र नागीण होऊन रस्त्यावर लोळत होता. वाजवताना हे त्याच्यावर वाकले, तर हा एकदम उसळून उठला आणि त्याचं डोकं खालून क्लॅरनेटवर आदळलं. समोरचा वरचा दात हादरला. त्या वेळी थोडं रक्त आलं, पान खाल्ल्यासारखं थुंकले आणि पुढे वाजवत गेले. पुढे तो दात हळूहळू काळा पडला. मी म्हणायची, दाखवून घ्या. हे म्हणायचे, दुखत नाही ना, मग कशाला. या चैत्रात मात्र एका सकाळी ओठ सुजून नाकाला टेकला आणि हे भिंतीवर डोकं आपटायला लागले.

साक्रीला दातांच्या दवाखान्यात घेऊन गेले मी. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण नीट समजावून सांगितलं बिचारीनं. "काका, दात आतून मेलाय, नस सडलीये. पण मूळ घट्ट आहे. रूट कॅनल करू. आतली घाण काढून साफ करायचं, भरायचं, वरून टोपी बसवायची. दात तुमचा तोंडातच राहील. फक्त तीन-चार वेळा यावं लागेल."

"तीन-चार वेळा?" हे खुर्चीतच उठून बसले. "मॅडम, लगीनसराई आहे. बठ्ठ्या, सगळ्याच्या सगळ्या तारखा भरेल शेतस. सुपारी घेतली म्हणजे शब्द दिला. नवरदेवाला काय घोड्यावर बसवून ठेवू? काढून टाका, एकदाची कटकट मिटेल."

"समोरचा दात आहे काका. तुम्ही वाजवता ना? अडचण येईल. आज मी सूज उतरायला गोळ्या देते, घरी जाऊन विचार करा."

मी ह्यांच्या दंडाला चिमटा काढला. "अहो, मूळ चांगलंय म्हणतात त्या. ऐका ना जरा."

"तुले काय समजस त्यामा?" मला म्हणाले, आणि डॉक्टरीणबाईंना मोठ्या ऐटीत सांगितलं, "माझ्या बापाच्या तोंडात एक दात नव्हता. एक! तरी मरेपर्यंत सनई वाजवली. वाजवणं ओठांचं असतं मॅडम, दातांचं नाही."

झालं. आबांचं नाव निघालं की ह्या घरात माझं काय चालणार? गोळ्या खाल्ल्या, सूज उतरली, आणि हे माझ्याशिवाय जाऊन दात काढून आले. येताना गरम भजी घेऊन आले माझ्यासाठी. मी फेकून दिली नाहीत, पण खाल्लीही नाहीत.

आणि माय वं, ती गोष्ट खरी होती! आबांचा एकही दात नव्हता. पण सनईची पत्ती नुसती ओठांत धरतात. क्लॅरनेटचं तोंड चोचीसारखं, ते वरच्या समोरच्या दातांवर टेकतं. ह्यांनी जन्मभर ते त्याच दातांवर टेकवलं, पण आपण पाय कुठे ठेवतो ते चालताना कोण बघतं? खड्डा पडल्यावर कळलं.

जखम सुकली तसे एका संध्याकाळी ओट्यावर बसून क्लॅरनेट लावली. फुस्स. पुन्हा लावली. पुन्हा फुस्स, आणि मग असा एक चिरका आवाज की पुनम आतून धावत आली. ती चोच त्या फटीत घसरत होती. शेजारच्या दातावर टेकवावी तर सगळा भार त्या एकट्यावर यायचा आणि तो कळा द्यायचा. वारं बाजूनं निघून जायचं. क्लॅरनेट पुसली, पेटीत ठेवली, जेवायला बसले आणि अर्ध्या भाकरीवर उठले.

धुळ्याला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी साक्रीला काढलेला दाताचा फोटो बघितला, तोंडात बघितलं आणि म्हणाले, "हा काढायला नको होता. वाचला असता." पक्का दात बसवायचा तर हाडात खिळा घालावा लागेल, आणि ते भरून यायला कितीतरी महिने. पुनमचं लग्न ज्येष्ठात ठरलेलं. आम्हा बँडवाल्यांत आधी जगाची लग्नं वाजवायची, मग सराईच्या शेवटी आपल्या घरचं काढायचं. तोपर्यंत एक काढता-घालता दात दिला त्यांनी. जेवायला, हसायला बरा होता. वाजवायला नाही. दोंडाईच्याच्या एका लग्नात भर मांडवात तो सुटून क्लॅरनेटसोबत बाहेर आला. पोरं फिदीफिदी हसली.

त्या दिवसापासून ह्यांनी वाजवणं वनाभाऊंवर सोडलं. वनाभाऊ आमच्या बँडचे जुने ट्रंपेटवाले. आणि हे, बँडचे मालक, सगळ्यात मागे उभे राहून खुळखुळा हलवायला लागले. आमच्यात खुळखुळा नवशिक्याच्या हातात देतात. मी एकदा वरात घरावरून जाताना गच्चीवरून बघितलं आणि आत जाऊन तोंडाला पदर लावून रडले. राग माझा तिथेच संपायला हवा होता, पण नाही संपला. रागाला काय अक्कल असते?

काढलेला दात ह्यांनी टाकला नव्हता. क्लॅरनेटच्या पेटीत, कापसात गुंडाळून ठेवला होता. दुपारी सगळी कामं आटोपली की पेटी उघडून तो हातावर घेऊन बसायचे. एक दिवस माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आता त्याला हळदकुंकू वाहा, ओवाळा! बैल गेला अन् झोपा केला."

ह्यांनी वर बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. दात उलटा करून त्याचं मूळ मला दाखवलं, लांब, पांढरंशुभ्र. "मूळ चांगलं व्हतं ना वं?" म्हणाले. लहान पोरासारखं विचारलं. मी चहा टाकायला उठले.

लग्न जवळ आलं तसं वनाभाऊ घरी आले. "कुंदन, ती धून मले शिकाड. मी वाजाडसू पुनमसाठे. तू बाजूले उभा राह्य."

हे काही म्हणायच्या आत पुनम बोलली. "वनाकाका, रागावू नका. पण ती बाबांनी नाही वाजवली तर कुणीच नको."

मग ह्यांनी जिद्द धरली. दात चिकटवायची पावडर आणली. गावाबाहेर कोणाच्या तरी पडक्या शेडमध्ये जाऊन सराव करायचे. ती धून नाही, ती घरात लेक असताना फुंकायची नाही. दुसरी गाणी. मी डबा घेऊन गेले की लांबूनच ऐकायची. कधी फुस्स, कधी चिरका, आणि कधी मात्र एखादी ओळ अशी सरळ निघायची की मी डबा घेऊन तिथेच थांबायची. देवा, एवढं एकदा जमू दे, म्हणायची. दोन घटका दात जागेवर राहू दे, मग आयुष्यभर खुळखुळा वाजवू दे. परतताना हे म्हणायचे, "जमी. जमी जाई." मीही म्हणायची, जमेल.

लग्न छान झालं. जावई किरणराव चोपड्याचे, शाळेत शिक्षक, शांत माणूस. पुनम दिवसभर हसत होती. बोळवणीची वेळ झाली. मांडवाच्या दाराशी फुलं लावलेली गाडी उभी होती. पुनमनं माझ्या गळ्यात पडून रडून घेतलं, आणि मग डोळे पुसून ह्यांच्याकडे वळली. फेटा बांधलेला, पांढरा सदरा, हातात क्लॅरनेट. वनाभाऊंनी हात वर करून बँड थांबवला. झुंबरबाई, माझ्या नणंदबाई, आता म्हाताऱ्या झाल्यात, त्यांना खुर्ची देऊन पुढे बसवलं होतं. ती धून वाजलेली ऐकलेलं माणूस आता त्या एकट्याच.

ह्यांनी डोळे मिटले आणि फुंकर मारली.

सूर निघाला! खरंच निघाला. एकच, लांब, स्वच्छ. झुंबरबाईंनी मान वर केली. "हाईच," म्हणाल्या, "हाईच ती."

आणि मग दात हलला. फुस्स. ह्यांनी ओठ आवळले, पुन्हा फुंकलं. थुंकी उडाली, चिरका आवाज झाला. वऱ्हाडातलं कोणीतरी हसलं, "काका, हवा गेली!" किरणरावांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला. ह्यांनी तोंडातला दात काढून खिशात टाकला आणि उघड्या फटीनं तिसऱ्यांदा प्रयत्न केला. नुसतं वारं. क्लॅरनेट खाली केली. मान खाली घातली. मला वाटलं धरणीनं मला पोटात घ्यावं.

वनाभाऊ ट्रंपेट घेऊन पुढे सरकले. पुनमनं हातानं त्यांना थांबवलं. ती बापाजवळ गेली, त्यांचे दोन्ही हात उचलून क्लॅरनेटच्या चाव्यांवर ठेवले आणि म्हणाली, "बाबा, घरी वाजवता तशी वाजवा."

ह्यांनी तिच्याकडे बघितलं. मग तोंड मिटलं आणि बोटं चालवली. खट, खट, खटाखट, खट. पुनमनं शालूचा पदर सावरत कान त्या चाव्यांजवळ नेला, लहानपणी न्यायची तसा. एवढा मोठा मांडव, पण कुणी खोकलंसुद्धा नाही. आम्हाला सगळ्यांना नुसती खटखट ऐकू येत होती. झुंबरबाई मात्र खुर्चीत हलत होत्या, डोळ्यांना धार लागलेली. "मले ऐकू येस रे कुंदन," म्हणत होत्या, "मले बठ्ठी ऐकू येस."

पुनमला नव्हती येत. जन्मभर थांबली होती पोरगी, आणि तिला ती कधीच ऐकू येणार नव्हती. बापाला ते कळत होतं. तरी एकही बोट चुकवलं नाही त्यांनी.

"झाली?" तिनं विचारलं.

"झाली."

"छान वाजली बाबा," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

गाडी साक्री रस्त्याला लागून दिसेनाशी झाली. लोक पांगले, मांडववाले खुर्च्या गोळा करायला लागले. हे तिथेच उभे होते. मी जवळ गेले. माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं. चैत्रापासून साठवलेलं होतं.

"सुनंदा," म्हणाले, "एक सूर तर निंघना ना वं?"

मी त्यांच्या हातातून क्लॅरनेट घेतली आणि पदरानं पुसली.

"निघाला," म्हटलं. "मी ऐकला."