कागद न घेता

विद्यापीठ एवढंसं, पण तोरा केवढा! पदवीदानाला इथे नुसती नावं पुकारत नाहीत. मुलगा किंवा मुलगी मंचावर आली की शिकवणारी व्यक्ती माईकपाशी उभी राहते आणि त्या विद्यार्थ्याविषयी दोन-चार वाक्यं बोलते, तीही हातात कागद न घेता. आम्ही आमची मुलं ओळखतो, हे जगाला दिसलं पाहिजे ना!

वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना हे दरवर्षी झकास जमायचं. यंदा मात्र घरी दात येणारं बाळ होतं. रजेवरून परतल्यापासून त्यांच्या डोक्याची पार चाळण झाली होती. दुधाची बाटली कपाटात, किल्ल्या साखरेच्या डब्यात.

"तळहातावर तरी लिहून घे," सकाळी नवरा बाळाला थोपटत म्हणाला होता.

"म्हणजे मुलं मला हसायला मोकळी! माझी मुलं मला पाठ आहेत."

त्यांच्या वर्गात एक जोडगोळी होती. एक चष्मेवाली, दुसरी बसड्रायव्हरची मुलगी. एकीला हाक मारली की दोघी वळायच्या. चष्मेवालीनं नेच्यांवर काम केलं, सावलीत कुंड्या मांडून. ड्रायव्हरच्या मुलीनं शेवाळावर. कुठल्या रस्त्यावर शेवाळ जगतं, कुठे मरतं, हे बघत ती वर्षभर भिंती खरवडत हिंडली आणि शाळेसमोरची हवा किती वाईट आहे ते तिनं दाखवून दिलं. नगरपालिकेनं तिथल्या जड गाड्या दुसरीकडून वळवल्या, बससुद्धा. तिचे वडील त्याच मार्गावर. वळसा पडतो म्हणून डेपो कुरकुरायचा, तर हे छाती काढून सांगायचे, "शिव्या मला द्या रे! माझ्या पोरीचं काम आहे ते."

पदवीदानाला ते ड्यूटीतून तासभर वेळ काढून, गणवेशातच आले होते.

चष्मेवाली मंचावर आली. मॅडमनी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते शेवाळ. शाळेसमोरचा रस्ता, नगरपालिका, वळवलेल्या गाड्या, सगळं कसं घडाघडा. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. चष्मेवाली थिजली होती. लाजली असेल, असं मॅडमना वाटलं. पुढच्या रांगेत तिची आई रुमालात तोंड खुपसून आनंदानं हमसत होती.

मग दुसरी समोर येऊन उभी राहिली. तिनं मॅडमकडे फक्त पाहिलं, आणि शेवाळ कुणाचं ते मॅडमना आठवलं.

माईक हातात होता. ‘थांबा, माझी चूक झाली’ एवढंच म्हणायचं होतं. पण ती आई अजून डोळे पुसत होती, शेजारची बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मॅडमचा धीर सुटला. नंतर सांगू, असं मनाशी म्हणत त्या बोलल्या, "अतिशय शांत, मनमिळाऊ, वक्तशीर विद्यार्थिनी." टाळ्या पडल्या. पडतात तेवढ्या.

कार्यक्रम संपताच त्या धावत बाहेर आल्या. नवऱ्यानं रडणारं बाळ त्यांच्या हातात दिलं. फाटकापाशी ड्रायव्हरची मुलगी एकटीच उभी होती.

"अगं, काय करून बसले मी! बाबा कुठे आहेत?"

"गेले. फेरी होती." तिचा आवाज कोरडा होता. "जाताना म्हणाले, बाळा, खोटं कशाला सांगायचं? तुझं जे काही होतं तेवढं मला पुरलं असतं."

"मी आत्ता फोन करते त्यांना."

"नको, मॅडम. त्यांना वाटेल, मीच तुम्हाला गळ घातली."

मॅडमना आपल्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. फेरी कुठल्या थांब्यावरून जाते तेवढं विचारून, बाळाला कडेवर घेऊन त्या निघाल्या. बस आली तशा पुढच्या दारानं चढल्या आणि ‘चालकाशी बोलू नये’ या पाटीखालीच बसल्या.

"काका, मी तुमच्या मुलीची..."

"ओळखलं की, मॅडम. बाळाला धरून बसा, पुढे खड्डे आहेत." ड्रायव्हर रस्त्यावरची नजर न काढता हसले. "शांत म्हणालात तिला! आमच्या शेजाऱ्यांनी ऐकलं तर पोट धरून हसतील. झोपेतही बडबडते कार्टी."

"शेवाळाचं काम तिचंच आहे, काका. माझ्याकडून दोघींचं उलटसुलट झालं."

त्यांनी एक खड्डा चुकवला.

"तिनं पाठवलं ना तुम्हाला?"

"नाही. ती नकोच म्हणत होती."

"असू दे हो. पोरं सांगतात थोडं वाढवून. बापाला बरं वाटावं म्हणूनच ना? मी काही रागावलो नाही."

"अहो, रोज संध्याकाळी ती शेवाळाच्या डब्या घेऊन माझ्या टेबलापाशी यायची. वर्षभर तिची नखं बघितलीत ना तुम्ही?"

"हिरवी," ते नकळत बोलून गेले. "जेवायला बसली की मी ओरडायचो, नखं घास म्हणून." त्यांचा हात गिअरवरच राहिला. "म्हणजे ते..."

"तेच, काका."

थांबा आला. माणसं चढली, उतरली. मग त्यांनी पहिल्यांदा मान वळवून मॅडमकडे पाहिलं.

"मग तिथेच का नाही बोललात? माईक तर तुमच्या हातात होता."

"त्या मुलीची आई समोर रडत होती. आनंदानं. तिच्या तोंडचा घास काढून घ्यायला जीव होईना."

"मी पण समोरच होतो, मॅडम."

मॅडमनी बाळाचं टोपडं उगाचच नीट केलं.

"आणि मी गेटवर तिला काय बोलून आलो..." ते अर्ध्यावरच थांबले. मागून कंडक्टरनं घंटी मारली. कुणीतरी ओरडलं, "चला की हो, झोपलात काय?"

"अजून अख्खी फेरी आहे," ते म्हणाले. "मध्येच गाडी सोडून जाता येत नाही मला."

त्यांनी बाहीनं नाक पुसलं, आरशात बघितलं आणि गाडी रस्त्याला घातली.