स्वस्त दुपार

गुंजन झोपली की मला लिहायला मिळतं. दुपारी एक ते अडीच, फार तर पावणेतीन. एक हात वहीवर, दुसरा तिच्या पाळण्यामागच्या भिंतीवर. भिंतीपलीकडे माझ्या नवऱ्याच्या, सुशीलच्या, बिटकॉइन काढायच्या तीन कॉम्प्युटर-मशिनी. रोज हात लावून बघायचे, किती तापलीय. बाहेर चार दिवसांची पावसाची झड होती, आणि भिंत मात्र तव्यासारखी.

आधी तो मशिनी सकाळी लवकर लावायचा. मग नवीन मीटर बसला, नऊ ते पाच वीज स्वस्त झाली, आणि तिघी दुपारवर आल्या. तो नागपुरातच, जरीपटक्याला, दुकानात बसून मोबाइलवर त्यांच्यावर लक्ष ठेवतो. हुडकेश्वरच्या या घरात त्यांच्यासोबत राहतो आम्ही : मी, आठ महिन्यांची गुंजन आणि नरखेडहून आलेल्या सासूबाई.

"भिंत तापते," मी म्हटलं होतं.

"दिवसा स्वस्त आहे वं. तवा नाही तं कवा चालवू?" तो म्हणाला.

सासूबाईंना मशिनींचं कौतुकच. त्यांच्या मागून गरम वारा येतो. "तुह्या नवऱ्यानं बिनकोळशाची शेगडी आणली," म्हणायच्या. त्यांची चारही लेकरं शेगडीच्या शेकावर वाढलेली, लंगोटही तिच्यावरच वाळलेले. मी हसायचे. तिथंच चुकलं माझं.

त्या दुपारी गुंजन अचानक रडत उठली. आवाजानं नाही, आवाज थांबल्यानं. मशिनींचं ते घुंऽऽ तिची अंगाई झालं होतं. पाठोपाठ वास आला, वायर जळाल्याचा.

तिला कडेवर घेऊन मशिनींच्या खोलीत धावले. मशिनींवर सासूबाईंनी बांधलेली दोरी, दोरीवर सहा ओले लंगोट. पाणी थेट खालच्या बोर्डावर ठिबकत होतं. बोर्डातून काळा धूर. लंगोट ओढायला सासूबाईंनी हात पुढं केलेला. ओला हात.

"आई, हात लावू नका!"

असं मी कधीच ओरडले नव्हते. त्या होत्या तिथं थिजल्या. मेन स्विच व्हरांड्यात, आठ पावलांवर. ती आठ पावलं पाठीमागे काहीच ऐकू येत नव्हतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. स्विच पाडला. पंखेही थांबले. मग आतून सासूबाई खोकल्या. इतका गोड खोकला मी आजवर ऐकला नाही.

फोन वाजला. "मिनल, मशिनी काहून बंद पडल्या वं? आता तं स्वस्त टाइम सुरू आहे!"

"कोणाले स्वस्त?" मी विचारलं. त्यानं गुंजनचं रडणं ऐकलं असावं.

अर्ध्या तासात भिजत घरी आला. वितळलेला बोर्ड पाहिला, अर्धा जळालेला लंगोट पाहिला. तरी पुटपुटलाच, "आई, तिथं कोणी कपडे वाळवते का?"

"शेगडी समजली रे बापा मी," सासूबाई म्हणाल्या. "पण आमची शेगडी लेकराजवळ ठेवून आम्ही कधी बाजारात नाही गेलो."

पाळण्यामागच्या भिंतीला त्यानं तळवा लावला आणि झटकन मागे घेतला. मग पाळणा ओढत समोरच्या खोलीत नेला.

मशिनींच्या खोलीचा फ्यूज मी काढून ब्लाउजमध्ये ठेवलाय. त्यानं मागितला नाही. उद्या मागेल, की परवा, माहीत नाही.

गुंजन काही केल्या झोपेना. शेवटी मीच ओठ मिटून, तिच्या कानाशी घुंऽऽ करत बसले.